गरिबी बघायला आलेले पाहुणे

गरीब असण्यात काही विशेष कष्ट नाहीत. आमच्या घराने ते काम कुणाला न सांगता, कसलीही कुरकुर न करता आजोबा-पणजोबांपासून चालू ठेवलं होतं. कष्ट पडतात ते आपण गरीब आहोत हे सरकारला पटवून द्यायला. हे ज्ञान मला बारावी पास झाल्यावर मिळालं, आणि पुढे कॉलेजात जे काही शिकले त्याहून ते जास्त उपयोगी पडलं.

आमचं गाव राहात्याजवळ. नव्वद साल उलटून थोडीच वर्षं झाली होती आणि राहात्याला तालुक्याचा मान मिळाला नव्हता. तहसील कोपरगावला. कागदावर शिक्का हवा असला की एसटीत बसायचं, आणि शिक्का मारणारा जागेवर नसला की पुन्हा एसटीत बसायचं. माझे वडील, दादा, शिवणकाम करायचे. लोक ‘टेलर’ म्हणायचे, आम्ही ‘दुकान’ म्हणायचो. म्हणायला काय जातं? किराणा दुकानाच्या ओट्यावर पायाने चालवायची एक मशीन, वर पोत्यांचं छप्पर, आणि खाली चिंध्यांच्या ढिगात झोपलेलं किराणावाल्याचं मांजर, एवढंच ते दुकान होतं.

मला नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळत होता. दादांनी मशीनवरून मान वर न करता निकाल सांगून टाकला, ‘‘फी माफ झाली तर जा. न्हाई झाली तर त्या पेरूवाल्यांचं स्थळ आलंय, ते बघू.’’ दादा दुष्ट नव्हते. त्यांना दोनच वाटा दिसत होत्या आणि त्यांनी दोन्ही सांगितल्या. पण मला त्या पेरूवाल्यांच्या घरी अठराव्या वर्षी भाकऱ्या थापायला जायचं नव्हतं. नव्हतंच जायचं.

फी माफ व्हायची सोय होती. तिला सगळे ईबीसी म्हणायचे. घराचं वर्षाचं उत्पन्न सरकारने आखलेल्या रेषेच्या आत असेल तर पोराची फी सरकार भरणार. आत आहे हे सांगणारा दाखला तहसीलदार देणार, आणि तहसीलदाराला ते कळणार तलाठ्याच्या चौकशीवरून. तहसीलदाराला आमच्याकडे रावसाहेब म्हणतात आणि तलाठ्याला भाऊसाहेब. काहीतरी नातं जोडल्याशिवाय आम्हाला सरकारशी बोलायला जमत नाही. सरकारला मात्र ते नातं कधी आठवत नाही.

आता गंमत अशी, की आमच्या भागातल्या बड्या बागाईतदारांच्या पोरांना हा दाखला बिनबोभाट मिळायचा. सातबाऱ्यावर पीक लावायचं काम भाऊसाहेबांचं. रानात ऊस माणूस दिसणार नाही इतका वाढलेला, आणि सातबाऱ्यावर बाजरी. बाजरीसुद्धा कशी, तर पावसाने दगा दिलेली. अशा बाजरीवर मोटरसायकल घेणारी, स्लॅबचं घर बांधणारी आणि पोरांची ईबीसी करणारी घरं मी डोळ्यांनी बघितली आहेत. आमची पंचाईत अशी की आम्हाला सातबाराच नव्हता. ज्याला जमीनच नाही त्याच्या जमिनीवर खोटं पीक तरी कसं लावणार? भाऊसाहेब दादांना म्हणाले, ‘‘टेलर, तुमचं काय लिहू? शेतकऱ्याचं कसं समदं कागदावर असतं. तुमचा रोकडीचा धंदा. तुमी किती कमावता ते देवालाच ठावं.’’

त्यात त्या वर्षी कोपरगावला नवे रावसाहेब आले होते. नवे होते म्हणून कडक होते. त्यांनी हुकूम काढला की खोटे दाखले फार होतात, तेव्हा तलाठ्याने घरी जाऊन परिस्थिती डोळ्यांनी बघायची आणि मगच लिहायचं. हुकूम ऐकून बागाईतदार हसले आणि आमच्यासारखे घरातल्या वस्तू मोजायला लागले. भाऊसाहेब गुरुवारी येणार असा निरोप मिळाला.

इथे मला आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. गल्लीत कुणाची पोरगी बघायला पाहुणे येणार असले की सगळी गल्ली त्या घरात सामान आणून ओतायची. मेस्त्रीच्या चार खुर्च्या, मास्तरांचा टीव्ही, ड्रायव्हरच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ, कुणाची चादर, कुणाचा पितळी तांब्या. पाहुणे गेले की ज्याचं त्याने न्यायचं. आमच्या गल्लीतल्या एकूणएक पोरींची लग्नं त्याच चार खुर्च्यांवर जमली. खुर्च्या बिचाऱ्या प्रत्येक घरात हुंड्याची बोलणी ऐकून झिजल्या. यात कुणाला काही फसवणूक वाटायची नाही. समोरचे पाहुणेही तिकडे आपल्या गल्लीतून तेच करून आलेले असणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

बायकांनी डोकं चालवलं. श्रीमंती दाखवायला सामान आणता येतं, तर गरिबी दाखवायला नेता का येऊ नये? गुरुवारी सकाळी गल्ली आमच्या घरात घुसली ती सामान बाहेर काढायला.

आमच्याकडे होतं काय? एक टेबलफॅन, एक रेडिओ, लोखंडी कॉट, फळीवरची स्टीलची भांडी आणि आईच्या माहेरचे गुलाबाच्या चित्राचे सहा कप. ‘‘फॅन आधी हलवा, वैनी,’’ मेस्त्रीची बायको म्हणाली, ‘‘फॅनवाल्याला कोन गरीब म्हनंल?’’ फॅन तिच्याकडे गेला. कॉट मास्तरांच्या पडवीत गेली. रेडिओ हलवताना तो आपोआप चालू झाला आणि बाजारभाव सांगत गल्लीतून गेला. कुणीतरी भिंतीवरचं नवं कॅलेंडर काढून मागल्या वर्षीचं लावलं. गरिबाकडे यंदाचं कॅलेंडर असू नये असा काही कायदा नव्हता, पण एकदा हात लागला की बायका थांबत नाहीत.

माझी मैत्रीण मदतीला आली होती. ती ओढ्यापलीकडे, बुद्धविहाराच्या मागे राहायची. तिचे आई-वडील दुसऱ्यांच्या उसात मजुरीला जायचे. आम्ही दोघी बारावीपर्यंत एका बाकावर बसलो, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. ते मी तेव्हाही कबूल करायचे, जरा जिवावर येऊन. तिलाही नगरलाच यायचं होतं. आम्ही वसतिगृहात एकच खोली मागायचं ठरवलं होतं. तिची सवलत वेगळ्या नावाची होती, पण उत्पन्नाचा दाखला तोच लागायचा आणि भाऊसाहेबही तेच.

डोक्यावर आमचा हंडा घेऊन ती दारात थांबली आणि म्हणाली, ‘‘अगं, कशाला एवढी हमाली करता? भाऊसाहेबाला आमच्याच घरी आना आन् सांगा हे टेलरचं घर हाय म्हनून. आमच्यात काय हलवायचं कामच न्हाई.’’ आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. तीच सगळ्यात जास्त हसली.

घर असं पुसून-झाडून गरीब झालं आणि भाऊसाहेब आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी गावचा कोतवाल आला. साहेब कुठल्याशा बांधाच्या भांडणात गुंतलेत, येतील दोन-चार दिसांत, म्हणाला. आता आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय पाठवायचं म्हणजे आईचा जीव जाणार. आणि घरात ठेवला होता एक कान तुटलेला कप. आईने तो उचलला, उलटासुलटा बघितला, आणि मागच्या दाराने मेस्त्रीकडे पळत जाऊन आपलेच गुलाबाचे कप उसने घेऊन आली. कोतवालाने चहा भुरकला. ‘‘कप लई भारी हायेत, वैनी,’’ म्हणाला. आई म्हणाली, ‘‘शेजारनीचे हायेत.’’ मी दाराआड तोंडात ओढणी कोंबून उभी होते.

मग आम्ही रिकाम्या घरात भाऊसाहेबांची वाट बघत राहिलो. शुक्रवार गेला, शनिवार गेला. कॉट मास्तरांकडे, म्हणून दादा जमिनीवर झोपले आणि त्यांची कंबर धरली. गरिबी एवढी त्रासाची असते हे आम्हाला ती मुद्दाम दाखवायला लागल्यावर समजलं.

रविवारी पेरूवाले येणार होते. कॉलेजचं काही ठरेपर्यंत थांबा असं मी आईला परोपरीने सांगितलं. ती म्हणाली, ‘‘बगू दे की. बगितलं म्हंजी लगीच लगीन लागतं व्हय?’’ तेव्हा रविवारी सकाळी गल्ली पुन्हा घुसली. आमचं सामान परत आलं, त्याच्या मागून मेस्त्रीच्या खुर्च्या आल्या, टीव्ही आला, घड्याळ आलं. एका सकाळीत आमचं घर मध्यमवर्गात जाऊन बसलं.

पाहुण्यांत मुलाचे वडील, एक काका, स्वतः मुलगा आणि आणखी दोघे होते. मुलगा नगरलाच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. दिसायला बरा, बोलायला भोळा. त्याचे वडील मात्र कडक इस्त्रीची टोपी घालून खुर्चीत असे बसले होते की ती खुर्चीही त्यांच्याच बागेतल्या लाकडाची असावी. मी पोहे देऊन, नाव-गाव सांगून आत गेले आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

‘‘पाटाचं पानी बांधापर्यंत हाय,’’ ते सांगत होते. ‘‘पेरूची बाग तर तुमी रस्त्यानं जाताना बगितलीच आसंल. माल सरळ मुंबईला जातो. औंदा ट्रॅक्टर घेतला. बैलांचं आता काय खरं न्हाई.’’

दादा मान डोलावत होते. मध्यस्थाने तिकडे सांगून ठेवलं होतं की टेलरच्या दुकानात चार मशिनी आणि दोन कारागीर आहेत. दादांनी ते खोडलं नव्हतं. नुसते डोलावत होते, आणि मला त्यांच्या मानेचा राग येत होता.

इतक्यात दारात फटफटी थांबली.

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. ‘‘मुडदा बशिवला याचा,’’ ती पुटपुटली, ‘‘गुरवारचा माणूस, रविवारी उगवला!’’ दुसऱ्या दिवशी रावसाहेबांकडे सगळे अहवाल द्यायचे होते, म्हणून भाऊसाहेब सुट्टीच्या दिवशी गरिबी गोळा करत हिंडत होते. ते आत आले. टीव्ही बघितला. घड्याळ बघितलं. खुर्च्या बघितल्या. मग खुर्च्यांवरच्या लोकांकडे बघितलं, आणि मुलाच्या वडिलांचं ट्रॅक्टरवरचं बोलणं मध्येच तुटलं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, पण ओळखीच्या माणसाला करावा तसा नव्हे. आमची आणि त्यांची, दोन्ही गावं एकाच भाऊसाहेबांकडे होती. त्यात काय एवढं दचकायचं, ते मला तेव्हा कळलं नाही.

आईने त्यांनाही पोह्याची बशी दिली. त्यांनी दोन घास खाल्ले, खिशातून कागद काढून मांडीवर ठेवला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, ‘‘हां, टेलर. रावसाहेबांचा हुकूम हाय, खरं सांगायचं. दुकानात मशिनी किती?’’

टीव्हीवर गाणं चाललं होतं. दादा चार म्हणाले तर दाखला गेला, कॉलेज गेलं, आणि मी पेरूच्या बागेत. एक म्हणाले तर भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, गल्लीसमोर इज्जत गेली. मी दाराची कडी घट्ट धरली आणि मनात म्हणत राहिले, दादा, एक म्हणा. एकच म्हणा हो.

दादांनी वर बघितलं. ‘‘एक,’’ ते म्हणाले. ‘‘तीबी पायाची. कारागीर-बिरागीर कुनी न्हाई. मीच हाय.’’

मग एकदा बोलायला लागल्यावर या मुखदुर्बळ माणसाला थांबताच येईना. ‘‘ह्या खुर्च्या मेस्त्रीच्या. टीव्ही मास्तरांचा. घड्याळ ड्रायवरचं. तुमच्या फुडं ठिवलेला तांब्याबी आमचा न्हाई, पाव्हनं. फॅन तेवढा माझा हाय. त्योबी गुरवारी लपवला हुता, भाऊसाहेब.’’ माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला तेव्हा दादा फार आवडले. त्याआधीही आवडायचे, पण ते सवयीने.

मुलाचे वडील ताडकन उठले. ‘‘म्हंजे उसनवारीचा संसार दावून पोरगी गळ्यात मारता व्हय आमच्या? आमाला काय येडं समजलात? खानदान बगून आलो आमी. आसल्या भिकाऱ्याच्या दारात...’’

आई बाहेर आली. झारा हातातच होता. तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती सरळ मुलासमोर जाऊन उभी राहिली आणि अगदी मवाळ आवाजात म्हणाली, ‘‘बाळा, आमच्या पोरीलाबी नगरलाच जायाचंय. तुला फी किती पडती रं कालिजात?’’

तिने ते का विचारलं, मी तिला नंतर खोदून खोदून विचारलं. ती म्हणे, भांडणात निदान खरा आकडा तरी कळावा. मुलगा बिचारा प्रामाणिक. म्हणाला, ‘‘मला न्हाई पडत फी, मावशी. माझी ईबीसी हाय ना.’’

भाऊसाहेबांचा चमचा बशीत थांबला.

‘‘ईबीसी?’’ आई म्हणाली. ‘‘ती गरिबाची? त्योच कागद, ज्याच्यापायी आमी तीन राती भुईवर झोपलो?’’

‘‘सरकारी सोय हाय ती,’’ मुलाचे वडील टोपी सारखी करत म्हणाले. ‘‘समदेच घेत्यात.’’

‘‘घ्या की! कोन न्हाई म्हनतंय?’’ आई आता भाऊसाहेबांकडे वळली. ‘‘काय वो भाऊसाहेब, ह्यांच्या सातबाऱ्यावर काय पेरलंय तुमी?’’

भाऊसाहेब खाली बघून शेंगदाणे वेचत होते. ‘‘बाजरी,’’ ते म्हणाले.

‘‘अगं बाई! बाजरीला पेरू लागले आन् मुंबईला गेले.’’ दारात जमलेल्या गल्लीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आईने झारा पदराला पुसला. ‘‘जावा पाव्हनं, गाडी चुकंल तुमची. वर्सभर नुस्त्या बाजरीवर काढनारी मानसं तुमी. येवढ्या गरिबाघरी न्हाई द्यायाची आमाला पोरगी.’’

ते गेले. जाताना मुलगा मागे वळून बघत होता. मला त्याची दया आली, पण थोडीच.

भाऊसाहेबही उठायला लागले तेव्हा आईने त्यांना खुणेनेच बसवलं. ‘‘बसा. चहा व्हायाचाय आजून. त्यांच्या बागंची तुमी बाजरी केली. आमच्या एका मशिनीचं काय करता ते करा आन् मग जावा.’’ भाऊसाहेबांनी मांडीवरच्या कागदावर लिहिलं, दादांची सही घेतली, आणि गुलाबाच्या कपातून चहा प्यायले. आमचं उत्पन्न रेषेच्या आत बसलं. ते खरंच आत होतं. एवढ्या नाटकाची काही गरजच नव्हती. पण खऱ्यावर कुणाचा विश्वास बसेल असं आमच्या गल्लीत कुणालाच वाटलं नव्हतं, यातच काय ते आलं.

त्यांनी फटफटीला लाथ मारली तेव्हा मी धावत बाहेर गेले. ‘‘भाऊसाहेब, ओढ्यापलीकडं पन जायचंय ना? माझ्या मैत्रिणीचं घर राहिलंय.’’

‘‘तिथं काय बगायचं?’’ ते म्हणाले. ‘‘मला काय ठावं न्हाई का तिथं काय हाय ते? काय बी न्हाई.’’ आणि फटफटी ओढ्याच्या उलट्या दिशेने वळवून निघून गेले.

तिच्या वडिलांना त्यांनी किती तरी वेळा सांगितलं होतं की चौकशीला येतो, घरीच थांबा. ते थांबायचे. थांबले की त्या दिवसाची मजुरी बुडायची. म्हणजे चौकशीची वाट बघण्यातच त्यांचं उत्पन्न आणखी खाली गेलं, पण तेही बघायला कुणी आलं नाही. अहवाल कोपरगावला गेले त्यात आमचं घर होतं, पेरूवाल्यांचं तर आधीपासून होतंच, आणि ओढ्यापलीकडचं एकही नव्हतं. तिचे वडील कोपरगावला जाऊन आले. तिथे सांगितलं, तलाठ्याकडून या.

कॉलेजात अर्ज द्यायच्या दिवशी मी एकटीच एसटीत बसले. तिने आपला अर्ज माझ्याकडे दिला होता. ‘‘दाखला मागनं आनून देते म्हनावं,’’ ती म्हणाली. ‘‘तू नीट बोल, तुला बोलता येतं.’’ गुणपत्रिका तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली होती.

सवलतीच्या खिडकीपुढे रांग होती. माझ्या पुढे कोण उभं असावं? तोच पेरूवाल्यांचा मुलगा, हातात मोटरसायकलची किल्ली फिरवत. मला बघून त्याचा चेहरा पडला. बाजूला होऊन म्हणाला, ‘‘तुमी व्हा फुडं.’’

‘‘नको,’’ मी म्हटलं. ‘‘कागदावर तुम्ही आमच्यापेक्षा गरीब. आधी तुमचं होऊ द्या.’’ रांगेतली चार पोरं हसली. त्यांतल्या तिघांच्या हातात किल्ल्या होत्या.

त्याचा दाखला बघून क्लार्कने शिक्का मारला. माझा बघून मारला. मग मी दुसरा अर्ज पुढे सरकवला आणि जमेल तेवढं नीट बोलले. ही माझी मैत्रीण, हिला माझ्यापेक्षा जास्त मार्क, आई-वडील उसात मजुरीला जातात, दाखला थोडा मागून येईल, तोवर अर्ज तेवढा ठेवून घ्या.

त्याने गुणपत्रिका बघितली. ‘‘मार्क चांगले आहेत,’’ म्हणाला. मग कागद उलटेपालटे करून विचारलं, ‘‘दाखला नाहीच का?’’

‘‘आत्ता नाही.’’

‘‘मग ती गरीब नाही,’’ तो म्हणाला, आणि पिशवी खिडकीतून परत माझ्या हातात दिली.